खरेदी आणि पुरवठा साखळी : बंगळुरूच्या दोन कारखान्यांतून मूलतत्त्वांची ओळख

बंगळुरू म्हटले की आज प्रथम संगणक उद्योगाची आठवण होते. परंतु या शहराची औद्योगिक ओळख त्याहून बरीच जुनी आहे आणि तिच्या दोन महत्त्वाच्या टप्प्यांशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएल, ही त्याचीच पुढची पायरी होय. दुसरा टप्पा किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. या घराण्याने १९४६ मध्ये बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी सुरू केली आणि १९९७ मध्ये जपानच्या टोयोटाशी भागीदारी करून शहरालगतच्या बिडदी येथे मोटारींच्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली.

विमान असो वा मोटार, ती बनविणारा कारखाना तिचे सर्व भाग स्वतः बनवत नाही. हजारो सुटे भाग शेकडो पुरवठादारांकडून येतात आणि त्यांतील एक जरी आला नाही तरी उरलेले सर्व भाग नुसते पडून राहतात. म्हणून योग्य वस्तू, योग्य प्रमाणात, योग्य गुणवत्तेची, योग्य वेळी, योग्य किमतीला आणि योग्य स्रोताकडून मिळविणे हे स्वतंत्र शास्त्र ठरले आहे. त्याच्या मूलतत्त्वांची ओळख या लेखात करून घेऊ.

खरेदी आणि पुरवठा साखळी म्हणजे काय?

खरेदी म्हणजे संस्थेला लागणारा माल किंवा सेवा बाहेरून मिळविण्याचे काम. पुरवठा साखळी ही संकल्पना त्याहून व्यापक आहे. खाणीतील धातूपासून ग्राहकाच्या दारातील वस्तूपर्यंतचे उत्पादक, वाहतूकदार, गोदामे, वितरक आणि दुकानदार हे सर्व तिचे दुवे होत. या साखळीतून माल ग्राहकाच्या दिशेने जातो, पैसा उलट दिशेने येतो आणि माहिती दोन्ही बाजूंनी वाहते. या तीन प्रवाहांचा मेळ घालणे म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन. ही संज्ञा १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या व्यवस्थापन सल्लागाराने प्रथम जाहीरपणे वापरली. संज्ञा नवी असली तरी प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात आयात थांबून लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा नांगर बनविणाऱ्या लक्ष्मणरावांनाही कच्चा माल आणायचा कोठून याच प्रश्नाने ग्रासले होते.

खरेदीचे टप्पे

कोणत्याही सुव्यवस्थित संस्थेत खरेदी ठरावीक क्रमाने होते. प्रथम संबंधित विभाग आपली गरज मागणीपत्राद्वारे कळवतो. त्यात वस्तूचे वर्णन, मोजमाप आणि दर्जा स्पष्ट असावा लागतो. ‘चांगल्या प्रतीचा पाइप’ असे लिहिणारा विभाग भांडणाला निमंत्रण देत असतो. व्यास, जाडी, धातू आणि लागू असलेले मानक लिहिले की वादाला जागा उरत नाही. त्यानंतर पुरवठादारांचा शोध घेऊन दरपत्रके अथवा निविदा मागविल्या जातात. त्यांची तुलना व वाटाघाटी झाल्यावर खरेदी आदेश दिला जातो. कायद्याच्या दृष्टीने हाच कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात भाव, संख्या, मुदत, कर, वाहतुकीची जबाबदारी आणि पैसे देण्याच्या अटी नमूद असतात.

माल आल्यावर त्याची मोजणी व तपासणी होऊन आवकेची नोंद केली जाते. शेवटी खरेदी आदेश, आवकेची नोंद आणि पुरवठादाराचे बीजक या तीन कागदांची जुळणी होते. तिन्हींत मेळ असेल तरच पैसे अदा होतात. मागणी करणारा, आदेश देणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे देणारा या व्यक्ती वेगवेगळ्या असाव्यात हा नियम याच कारणासाठी आहे. एकाच हातात सर्व टप्पे आले की चूक लपते आणि गैरव्यवहारही लपतो.

भाव आणि खर्च यांतील फरक

नवशिक्या खरेदी अधिकाऱ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे भाव आणि खर्च एकच समजणे. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका कारखान्याला १,००० बेअरिंग हवी आहेत. जवळचा पुरवठादार नगामागे १०० रुपये मागतो, तर दूरचा ९२ रुपये. वरवर पाहता दूरच्याकडून घेतल्यास ८,००० रुपये वाचतात.

आता इतर खर्च पाहू. जवळच्या पुरवठादाराच्या मालाला वाहतुकीचे १,००० आणि तपासणीचे ५०० रुपये लागतात. त्यातील दोन नग सदोष निघतात. प्रत्येक सदोष नगामागे परत पाठविणे, बदलून घेणे आणि काम खोळंबणे यांचा खर्च १५० रुपये धरला, तर ३०० रुपये होतात. एकूण खर्च १,०१,८०० रुपये. दूरच्या पुरवठादाराच्या मालाची किंमत ९२,००० रुपये, वाहतूक ५,०००, तपासणी २,००० आणि तीस सदोष नगांचे ४,५०० रुपये. एकूण १,०३,५०० रुपये. म्हणजे स्वस्त वाटलेला माल प्रत्यक्षात १,७०० रुपयांनी महाग पडला. माल उशिरा येऊन कारखाना एक दिवस जरी बंद राहिला, तरी हा फरक कित्येक पटींनी वाढेल. या हिशेबाला एकूण खर्चाची पद्धत म्हणतात. यंत्रसामग्रीच्या बाबतीत त्यात वीज, देखभाल, सुटे भाग आणि अखेरीस भंगारात येणारी किंमत यांचाही समावेश करावा लागतो.

सर्व वस्तूंना एकच माप नको

कारखान्याच्या भांडारात हजारो वस्तू असतात. सर्वांकडे सारखेच लक्ष देणे अशक्य आणि अनावश्यकही असते. त्यामुळे त्यांची अ, ब, क अशी वर्गवारी करतात. बहुधा थोड्याशाच वस्तूंवर खरेदीचा बहुतांश पैसा खर्च होतो. त्या ‘अ’ वर्गात येतात आणि त्यांची मोजणी, वाटाघाटी व देखरेख काटेकोरपणे केली जाते. खिळे, वायसर यांसारख्या ‘क’ वर्गातील वस्तूंची एकदम मोठी मागणी नोंदवून मोकळे होणेच हिताचे असते.

मात्र ही वर्गवारी केवळ पैशांवर आधारलेली आहे. ती अपुरी असल्याचे पीटर क्रालिच यांनी १९८३ मध्ये एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले. वस्तूचे आर्थिक महत्त्व किती आणि ती मिळण्यात जोखीम किती, असे दोन प्रश्न एकत्र विचारल्यास चार गट पडतात. महत्त्व कमी व जोखीमही कमी, अशा किरकोळ वस्तूंमध्ये कागदपत्रांचा खर्च वाचवावा. महत्त्व जास्त पण विक्रेते अनेक, अशा ठिकाणी स्पर्धेचा लाभ घ्यावा. किंमत कमी पण विक्रेता एकच, अशी वस्तू अडथळा ठरू शकते. तिचा साठा ठेवावा आणि पर्याय शोधावा. चौथ्या गटात महत्त्वही मोठे आणि जोखीमही मोठी असते. तेथे भावाची घासाघीस दुय्यम ठरते, पुरवठादाराशी दीर्घकालीन संबंध हीच खरी खरेदी असते.

इंजिनाची प्रतीक्षा

या चौथ्या गटाचे ठळक उदाहरण एचएएलच्या तेजस विमानात सापडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळुरूच्या एरो इंडिया प्रदर्शनात ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार एचएएलच्या हाती देण्यात आला. त्यांपैकी ७३ लढाऊ आणि १० प्रशिक्षण विमाने होती. या विमानाला लागणारे एफ-४०४ जातीचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक या एकाच कंपनीकडून येते. ऑगस्ट २०२१ मध्ये अशा ९९ इंजिनांची मागणी नोंदविण्यात आली. विमाने मार्च २०२४ पासून हवाई दलाला मिळणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ९९ पैकी पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये सुपूर्द झाले. विलंबाला इतरही कारणे होती, तथापि इंजिनांची प्रतीक्षा हे त्यांतील प्रमुख कारण ठरले.

असे का झाले? जनरल इलेक्ट्रिकने तेजससाठी याच जातीची ६५ इंजिने २०१६ पर्यंत पुरविली होती. पुढील मागणी न आल्याने त्या इंजिनाची उत्पादनव्यवस्था बंद करण्यात आली. पाच वर्षांनी नवी मागणी आली तेव्हा ती व्यवस्था पुन्हा उभारावी लागली आणि तिच्यामागे असलेल्या सुट्या भागांच्या पुरवठादारांनाही पुन्हा जुळवावे लागले. त्यातच करोनाच्या साथीने जगभरच्या विमान उद्योगाचे पुरवठादार विस्कळीत झाले होते.

खरेदी शास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. मालाची मागणी थांबली की पुरवठादार आपली यंत्रे दुसऱ्या कामाला लावतो, कुशल कामगार निघून जातात आणि त्यांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. ते पुन्हा गोळा करण्यास पैशांपेक्षा वेळ अधिक लागतो. हवाई दलात जुनी विमाने निवृत्त होत असताना हा वेळ किती मोलाचा होता हे सांगावयास नको.

साठा किती ठेवावा?

पुरवठ्याची खात्री नसेल तर साठा ठेवावा, हे कोणीही सांगेल. पण साठा फुकट नसतो. त्यात भांडवल अडकते, जागा लागते, माल खराब होतो, कालबाह्य होतो, चोरीलाही जातो. उलट थोडा थोडा माल वारंवार मागवला तर प्रत्येक वेळचा कागदपत्रांचा व वाहतुकीचा खर्च वाढतो. या दोहोंचा समतोल साधणारे सूत्र अमेरिकी अभियंता फोर्ड व्हिटमन हॅरिस याने १९१३ मध्ये मांडले. त्याला किफायतशीर मागणी संख्येचे सूत्र म्हणतात. वार्षिक मागणीला एका मागणीमागच्या खर्चाने गुणावे, त्याची दुप्पट करावी, एका नगाच्या वार्षिक साठवण खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे.

समजा, वर्षाला १२,००० नग लागतात, प्रत्येक मागणीमागे ६०० रुपये खर्च येतो आणि एक नग वर्षभर साठविण्यास १० रुपये लागतात. सूत्रानुसार उत्तर १,२०० नग येते. म्हणजे वर्षातून दहा वेळा माल मागवावा. तेव्हा मागणीचा वार्षिक खर्च ६,००० रुपये होतो. सरासरी साठा ६०० नगांचा असल्याने साठवणीचा खर्चही तितकाच, ६,००० रुपये होतो. दोन्ही खर्च समान झाले की एकूण खर्च किमान होतो, हे या सूत्राचे मर्म आहे.

किती मागवावे याबरोबर केव्हा मागवावे हेही ठरवावे लागते. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरल्यास रोज ४० नग लागतात. मागणी नोंदविल्यापासून माल हाती येण्यास १० दिवस लागत असतील, तर ४०० नग शिल्लक असतानाच नवी मागणी द्यावी लागेल. कधी पाच दिवसांचा उशीर होतो असा अनुभव असल्यास आणखी २०० नगांचा सुरक्षा साठा हवा. म्हणजे ६०० नग उरले की मागणी नोंदवावी. पुरवठादार जितका अनियमित तितका सुरक्षा साठा मोठा, हे यावरून लक्षात येईल. बेभरवशाच्या पुरवठादाराची किंमत भांडारात साठ्याच्या रूपाने दडलेली असते.

बिडदीचा धडा

बंगळुरू-म्हैसूरु मार्गावरील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटरचे उत्पादन डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २००० मध्ये क्वालिस ही गाडी बाजारात आली. या कारखान्याबरोबर भारतात आली ती टोयोटाची ‘जस्ट इन टाइम’, म्हणजे ऐनवेळी नेमका पुरवठा करण्याची पद्धत. ही कल्पना टोयोटा मोटरचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी १९३८ च्या सुमारास मांडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ताइची ओनो या अभियंत्याने ती प्रत्यक्षात उतरवली. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये ग्राहक हवे तेवढेच उचलतो आणि रिकामी झालेली जागाच पुन्हा भरली जाते, या व्यवस्थेवरून ओनो यांनी प्रेरणा घेतली. कारखान्यात पुढील विभाग जेवढे भाग वापरतो तेवढ्यांचीच मागणी एका पत्त्याद्वारे मागील विभागाकडे जाते. या पत्त्याला ‘कानबान’ म्हणतात.

या पद्धतीचे गमक हॅरिसच्या सूत्रातच दडले आहे. वरील उदाहरणात मागणीमागचा खर्च ६०० ऐवजी १५० रुपयांवर आणला, तर किफायतशीर संख्या १,२०० वरून ६०० वर येते. इतर उद्योगांनी हा खर्च अटळ मानला, टोयोटाने तो कमी करण्याचा ध्यास घेतला. मोटारीचे पत्रे घडविणाऱ्या १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्यास चार तास लागत असत. शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या सुमारास हा वेळ अवघ्या तीन मिनिटांवर आला. साचा झटपट बदलता येऊ लागल्यावर एकाच प्रकारचे पत्रे ढिगाने बनवून ठेवण्याचे कारणच उरले नाही.

वाहतुकीतही हेच तत्त्व लागू पडते. आपल्याकडे दूध संघाची गाडी गावोगावी फिरून थोडे थोडे दूध गोळा करते. प्रत्येक गवळ्याने आपले दूध स्वतंत्र गाडीने पाठवायचे ठरवले तर ते कोणालाच परवडणार नाही. मोटार कारखान्याची गाडीही याच रीतीने ठरलेल्या वेळी अनेक पुरवठादारांकडे फिरून थोडे थोडे भाग उचलते. या पद्धतीचे नावही ‘मिल्क रन’ असेच आहे. टोयोटाच्या भारतातील वाहतुकीसाठी ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि जपानची मित्सुई यांनी १९९९ मध्ये ट्रान्ससिस्टम ही संयुक्त कंपनी स्थापन केली.

साठा कमी केल्याने आणखी एक गोष्ट साधते. नदीचे पाणी ओसरले की तळाचे खडक दिसू लागतात. तसे साठा उतरला की सदोष माल, बिघडलेली यंत्रे आणि बेशिस्त वाहतूक उघडी पडते आणि दोष दुरुस्त करावेच लागतात.

आसुडाचा परिणाम

पुरवठा साखळीत माहिती विकृत झाली तर काय होते, याचा अभ्यास अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी केला व १९६१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. आसुडाची मूठ किंचित हलली तरी टोक जोराने फिरते. मागणीतील लहानशा बदलाचेही तसेच होते. समजा, दुकानदाराची विक्री १०० वरून ११० झाली. मागणी वाढते आहे असे वाटून तो १२० नग मागवतो. वितरक ते पाहून १४० मागवतो आणि कारखाना १८० नगांचा कच्चा माल घेतो. पुढच्या महिन्यात विक्री पुन्हा १०० वर आली की सर्वत्र माल पडून राहतो आणि मागणी एकाएकी थांबते. यात कोणीही मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणा केलेला असतो. प्रत्यक्ष विक्रीची माहिती साखळीतील सर्वांना देणे आणि उत्पादनाचे वेळापत्रक शक्य तितके समतल ठेवणे हे त्यावरील उपाय होत.

कारियाची आग

साठा इतका कमी ठेवणे धोक्याचे नाही काय? या प्रश्नाची कसोटी टोयोटाला बिडदीच्या कंपनीची स्थापना होण्याच्या आठ महिने आधीच द्यावी लागली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये वापरली जाणारी एक छोटी झडप तेथे बनत असे आणि टोयोटाच्या गरजेपैकी जवळजवळ सर्व झडपा याच कारखान्यातून येत. हाताशी असलेला साठा फार थोडा होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधील सुमारे वीस कारखाने थांबले.

पुढे जे घडले ते जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत आजही शिकविले जाते. आयसिनने झडपेची रेखाचित्रे इतर पुरवठादारांना खुली केली. साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर झडपा बनविण्यास सुरुवात केली. त्यांत शिलाई यंत्रे बनविणारी ब्रदर ही कंपनीही होती, जिने पूर्वी मोटारीचा हा भाग कधी बनविला नव्हता. भावाची बोलणी आणि करारमदार नंतर पाहू, आधी झडपा बनवू, अशी सर्वांची भूमिका होती. सुमारे आठवडाभरात कारखाने पूर्ववत होऊ लागले. वर्षानुवर्षे सन्मानाने वागविलेले पुरवठादार संकटात धावून आले. हा साठा कोणत्याही भांडाराच्या नोंदवहीत दिसत नव्हता.

टोयोटाने या विश्वासावरच सर्व काही सोपवून दिले नाही, हेही ध्यानात घ्यावे. मार्च २०११ मधील जपानच्या भूकंपाने इलेक्ट्रॉनिक चिप बनविणाऱ्या कारखान्याचे नुकसान झाले. तेव्हा आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण, हेच पुरेसे ठाऊक नसल्याचे कंपनीला उमगले. त्यानंतर खालच्या थरांपर्यंतची माहिती गोळा करण्यात आली आणि चिपसारख्या जोखमीच्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्यास पुरवठादारांना सांगण्यात आले. ज्या कंपनीने जगाला साठा कमी करण्यास शिकविले, तिनेच नेमक्या जागी साठा वाढविला. करोनाच्या काळात अनेक मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या व चिप उत्पादक दुसऱ्या ग्राहकांकडे वळले. या टंचाईत टोयोटा आरंभी इतरांपेक्षा अधिक काळ तगली. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये तिलाही नियोजित जागतिक उत्पादनात सुमारे ४० टक्के कपात करावी लागली. कोणतीही पद्धत अभेद्य नसते, हाही एक धडाच होय.

लहान पुरवठादाराचे ओझे

ऐनवेळी पुरवठ्याचे नाव घेऊन अनेक खरेदीदार केवळ अर्धीच पद्धत उचलतात. आपले भांडार रिकामे ठेवायचे, वेळापत्रक रोज बदलायचे आणि माल मात्र दोन तासांत मागायचा. अशा वेळी साठा नाहीसा होत नाही, तो मोठ्या कारखान्याच्या भांडारातून लहान पुरवठादाराच्या भांडारात जातो. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, पुण्याजवळच्या भोसरी-चाकणमध्ये, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावमध्ये किंवा बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि मिलिंग यंत्रांवर काम करणारा लघुउद्योजक हा भार सहन करतो. त्यातच मालाचे पैसे तीन-चार महिने न मिळाल्यास पगारासाठी त्याला व्याजाने कर्ज काढावे लागते. पुढच्या मागणीच्या आशेने तो सहसा तक्रारही करत नाही.

यावर उपाय म्हणून २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात तरतूद करण्यात आली. नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी राज्यांमध्ये सुविधा परिषदा आहेत आणि २०१७ मध्ये ‘समाधान’ हे ऑनलाइन दालन सुरू झाले. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक धार आणली. या मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत, खरेदीदाराला प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. आज ज्याचे पैसे अडविले, तो उद्या संकटात आपली यंत्रे आपल्यासाठी थांबवून ठेवील अशी अपेक्षा खरेदीदाराला करता येत नाही.

सरकारी खरेदीचे वेगळे गणित

खासगी कंपनी विश्वासातील पुरवठादाराशी वर्षानुवर्षे व्यवहार करू शकते. सरकारी पैसा मात्र जनतेचा असल्याने प्रत्येक पात्र विक्रेत्याला समान संधी देणे आवश्यक ठरते. कर्नाटकाने १९९९ मध्ये सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदा केला व तो २००० पासून अमलात आला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘जेम’ ही ऑनलाइन सरकारी बाजारपेठ सुरू केली. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, असेही धोरण आहे.

सरकारी निविदेत बहुधा तांत्रिक पात्रता तपासल्यानंतर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची असली, तरी भाव आणि खर्च यांतील फरक तिच्यात विसरला जाण्याचा धोका असतो. यावर खरा उपाय निविदा उघडताना नव्हे, तर ती लिहिताना करावा लागतो. दर्जा, आयुर्मान, देखभाल आणि वीजवापर यांच्या अटी आधीच नेमकेपणाने लिहिल्या तर सर्वांत कमी दर हा खरोखर सर्वांत कमी खर्च ठरू शकतो. तसेच एका पुरवठादाराशी दीर्घ संबंध म्हणजे डोळे झाकून विश्वास नव्हे, हे खासगी कंपन्यांनीही विसरू नये. गुणवत्ता, वेळ व भाव यांचे नियमित मोजमाप नसेल तर संबंधाचे रूपांतर लागेबांध्यांत होण्यास वेळ लागत नाही.

हे शास्त्र कोठे शिकावे?

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही व्यावसायिक संस्था या विषयातील पदविका अभ्यासक्रम चालवते आणि नोकरी करणाऱ्यांनाही ते करता येतात. व्यवस्थापन संस्थांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय असतोच. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या दालनावर भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने उपलब्ध आहेत. बिडदी येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या टोयोटाच्या निवासी तंत्रप्रशिक्षण संस्थेत ग्रामीण भागातील मुलांना उत्पादनाचे प्रशिक्षण दिले जाते.

परंतु पहिला धडा घराजवळच घेता येतो. ओळखीचे एखादे किराणा दुकान, वसतिगृहाची खानावळ किंवा औषधांचे दुकान निवडावे. तेथील वीस वस्तूंची यादी करून त्यांची अ, ब, क वर्गवारी करावी. प्रत्येक वस्तू किती दिवसांत येते, किती वेळा उशिरा येते आणि कोणती वस्तू एकाच विक्रेत्याकडून येते, हे महिनाभर वहीत नोंदवावे. शेवटी एक प्रश्न विचारावा : हा विक्रेता उद्या बंद झाला तर काय? ज्या वस्तूपुढे या प्रश्नाचे उत्तर लिहिता येणार नाही, तेथेच साखळीचा कमकुवत दुवा आहे.

तेजसच्या इंजिनाला लागलेला विलंब आणि कारियाच्या आगीनंतरचा वेगवान सावर यांतील फरक केवळ पैशांचा किंवा साठ्याचा नव्हता. एके ठिकाणी मागणी थांबल्याने साखळी विखुरली होती, दुसऱ्या ठिकाणी ती अखंड होती. तांत्रिक गुंतागुंत दोन्हीकडे सारखी नव्हती, हे मान्य करूनही खरेदीचे मूलतत्त्व कायम राहते. माल विकत घेता येतो, पुरवठादार मात्र जपावा लागतो.